गोदावरीच्या पाण्याची तपासणी: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही चौघे मित्र नाशिकमधील आनंदवली आणि तपोवन येथे गोदावरीच्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन विंकलर या रासायनिक पद्धतीने मोजत आहोत. तपोवनात पहाटे भरलेल्या बाटलीत रसायने घातल्यावर साका जवळजवळ पांढराच राहिला, म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. दुपारी मात्र त्याच जागी तो गडद तपकिरी झाला. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडते आणि रात्री वापरते, हे ठाऊक आहे. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित असताना, यांपैकी कोणती नोंद ग्राह्य धरावी? माझ्या मते पहाटेचीच, कारण मासे गुदमरतात ते त्याच वेळी.

दुसरे असे की, बीओडी चाचणीसाठी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ते मोजण्यासाठी) नमुना 27 अंशांवर 3 दिवस अंधारात ठेवावा लागतो. नाशिकमध्ये अशी सोय माफक दरात कोठे मिळेल? (घरच्या फ्रीजमध्ये नदीचे पाणी ठेवण्यास आईने केव्हाच मनाई केली आहे.)

तपोवनाच्या गाळात रक्तासारख्या लाल, वळवळणाऱ्या अळ्या पुष्कळ दिसतात, आनंदवलीला मात्र क्वचितच. त्यांची ओळख पटवून देणारे कोणी जाणकार असल्यास कृपया कळवावे, छायाचित्रे पाठवतो.