खऱ्या गिऱ्हाईकासाठी यंत्र बनवा म्हणता, मग परीक्षेनंतर ते सांभाळायचं कुणी?

तानाबाना

काल एका प्राध्यापकांची पोस्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाचे कागदी प्रोजेक्ट बंद करा, प्रत्येक गटाला खरं गिऱ्हाईक द्या, कुणी कारखानदार, कुणी बचत गट, कुणी अपंग माणूस, आणि त्याची अडचण सोडवणारं यंत्र पोरांकडून करून घ्या, असं त्यांचं म्हणणं. खाली सगळे 'वा सर' म्हणतायत. मी असा गिऱ्हाईक झालेला माणूस आहे. सकाळपासून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

सोलापूरच्या पूर्व भागात माझा टॉवेलचा कारखाना आहे, आठ माग. टॉवेलच्या मागाला दोन बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेले जड रूळ, लागतात, एक तळाचा आणि एक वरचे लूप उठवणारा. भरलेला बीम मागावर चढवायचा म्हणजे दोन गड्यांची कंबर जाते. तीन वर्षांपूर्वी चार पोरं आलती. बीम उचलून चढवायची ट्रॉली करतो म्हणाली. दर शनिवारी यायची, माग थांबवून मापं घ्यायची. माग थांबला की विणकराची मजुरी बुडते, ती मी खिशातून भरली. लोखंडाचे साडेअकरा हजारही मीच दिले.

ट्रॉली झाली. पिवळा रंग, वर चौघांची नावं. परीक्षेच्या दिवशी टेम्पोत घालून कॉलेजात नेली, फोटो काढले, संध्याकाळी परत आणून टाकली. ती दोन मागांच्या मधल्या वाटेत वळत नाही. पोरांनी वाट रिकामी असताना मापली. तिथं माणूस उभा असतो, कांड्यांचा, म्हणजे बाण्याच्या सुताच्या रिळांचा, डबा असतो, हे मापात धरलंच नाही. आठ दिवसांत चाकांत कापसाचे तंतू गुंडाळले गेले आणि चाकं घट्ट झाली. फोन केला तर एक पुण्यात, एक बेंगळुरूत, दोघं उचलत नाहीत. आज त्या ट्रॉलीवर आम्ही सुताचे कोन ठेवतो.

शिकायचं असेल तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शिका. आमच्या मजुरीवर कशाला?

चाकणचा_सोलापूरकर

काका, मी त्या चौघांतला नाही, पण त्यांच्यासारखाच होतो, म्हणून बोलतो. चार वर्षं बीमच्या, म्हणजे तुळईच्या, वाकण्याची गणितं सोडवली, खरा बीम पाहिला नव्हता. कंपनीत लागलो तेव्हा पहिल्या महिन्यात सुपरवायझरनं विचारलं, हा बोल्ट तू इथं दिलायस, पाना कुठून घालायचा? उत्तर नव्हतं. ड्रॉइंगमध्ये पान्याला जागा लागते हे कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तुमच्याकडे पोरं चुकली ती वाटेत चुकली, आणि ती वाट वर्कशॉपमध्ये कधीच दिसली नसती.

आणि पहिलं यंत्र कुणाचं लगेच चाललंय? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते. लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणायचे.

तानाबाना

लक्ष्मणरावांचं नाव घेतलंस ते बरं केलंस. नांगर विकला जात नव्हता म्हणून ते मुंबईला नोकरीला गेले का? त्याच धंद्यात राहिले, १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तुझी पोरं व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाडी सोडतात. फरक तिथंच आहे.

यंत्रशाळा

ती पोस्ट माझीच आहे. आमच्या पेशाच्या पोरांनी तुम्हाला दिलेल्या त्रासाबद्दल मला खरंच वाईट वाटलं. पण एका ट्रॉलीवरून सगळी कल्पना मोडीत काढू नका. एका सत्रात हातात पंधरा-सोळा आठवडे असतात, त्यात अंतर्गत परीक्षा. त्यातून विषय ठरवणं, मापं, डिझाइन, माल आणणं, जोडणी, अहवाल. चाचणीला दहा दिवस उरतात.

जयपूर फूट हा कृत्रिम पाय आठवा. १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय घडवला, कारण रुग्ण समोर होता. आयात केलेले पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते. आपल्या माणसाला मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं, अनवाणी शेतात जायचं असतं. हे वर्गात बसून कुणाला सुचलं असतं?

निवृत्त_जॉबर

सर, तुम्ही डॉक्टरचं नाव आधी घेतलं आणि कारागिराचं नंतर. माझं दुखणं तेच आहे.

चाळीस वर्षं जॉबर म्हणून मागांची दुरुस्ती करण्यात काढली. धोटा, म्हणजे बाण्याचं सूत इकडून तिकडे नेणारा, पेटीत नीट बसत नसेल तर मला आवाजावरून कळतं. धोट्याला ठोकणारा पिकर झिजलाय की पट्टा सैल झालाय, ते हात लावायच्या आधी सांगतो. या चाळीस वर्षांत कॉलेजची किती पोरं कारखान्यात आली, त्यातल्या एकानंही मला विचारलं नाही. मालकाशी बोलायचे, मालक चहा पाजायचा, फोटो काढून जायचे. मालकाला बीम जड लागतो हे माहीत असतं, कारण गडी तक्रार करतात. पण चढवताना बीमचं कुठलं टोक आधी टेकवायचं हे मालकाला ठाऊक नसतं. तानाबाना मालक, राग मानू नका.

तानाबाना

राग कशाला. माझा जॉबर त्या सगळ्या शनिवारी तिथंच होता. पोरांनी त्याला विचारलं नाही, आणि मीही त्याला बोलावलं नाही, हे मान्य.

विडीकामगाराची_लेक

मी आत्ता मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आई विड्या वळते. गिऱ्हाईक शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

तेंदूपानं ओली करून, पत्र्याचा फर्मा ठेवून ती कात्रीनं कापायची असतात. आईच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलीय. म्हणून आमच्या गटानं पायानं दाबायचा साचा करायचं ठरवलं, एका दाबात एक तुकडा. आठ दिवसांत आईनं तो नको म्हणून सांगितलं. पान सपाट नसतं, मधली शीर जाड असते, कुठं भोक असतं. आई एका पानाकडे बघते आणि यात दोन निघतील की तीन ते ठरवते, शीर चुकवून. साच्याला डोळा नाही, तो शिरेवरही कापतो. पानं मोजून-मापून मिळतात, वाया गेलेल्या पानाचे पैसे बाईच्या मजुरीतून जातात. आमच्या यंत्रानं तिचा हात वाचला असता, पण पगार कापला असता.

मग आम्ही यंत्र सोडलं आणि कात्री घेतली. दाब सोडला की आपोआप उघडेल अशी स्प्रिंग बसवली, अंगठ्याचं कडं मोठं केलं, त्यावर रबर चढवलं. आई तीच वापरते. शेजारच्या तिघींनी मागून घेतली. परीक्षक म्हणाले, यात डिझाइन कुठाय? गिअर नाही, मोटर नाही. शेजारच्या गटाचं सौर ऊर्जेवर चालणारं यंत्र टेबलावरून उतरलं ते पुन्हा चाललं नाही, त्यांना माझ्यापेक्षा नऊ गुण जास्त.

चाकणचा_सोलापूरकर

ताई, तू स्प्रिंगचा दाब किती ठेवलास, किती वेळा उघडझाप होते, ते मोजून अहवालात घातलं होतंस का? परीक्षक चुकलेच, पण आकडे दिले असतेस तर त्यांना 'डिझाइन कुठाय' म्हणता आलं नसतं.

विडीकामगाराची_लेक

दादा, अर्धे घातले होते. दिवसाकाठी कात्री किती वेळा चालते ते मोजलं होतं. स्प्रिंग मात्र तीन आणून बघितल्या आणि आईला बरी वाटली ती ठेवली. तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण पटवून घ्यायला जड जातंय.

कडकभाकरी_गट

आमच्याकडे पण पोरं आलती, भाकरीचं यंत्र करायला. कडक भाकरी पुण्या-मुंबईला जाते, सणासुदीला मागणी वाढते, बायकांचे खांदे भरून येतात. पोरांनी हाताच्या दांड्यानं दाबायचा साचा केला, पुरीचा असतो तसा मोठा. भाकरी एका बाजूला पातळ, दुसऱ्या बाजूला जाड, आणि कडेला सगळीकडे भेगा. कडक भाकरी सगळीकडे सारखी पातळ लागते. जाड राहिलेला भाग आतून मऊ राहतो आणि पिशवीत बुरशी धरतो. एक पेटी परत आली आमची.

मालदांडी

त्यात यंत्राचा काय दोष? यंत्राची भाकरी ही भाकरीच नाही. मंगळवेढ्याची ज्वारी आणायची आणि ती लोखंडात दाबायची? भाकरी थापावी लागते, परातीत फिरवत, हाताच्या ऊबेनं. आमच्या आजीच्या भाकरीला असा पापुद्रा सुटायचा की आत शेंगाचटणी भरून खायचो. हल्ली सगळ्याला यंत्र पाहिजे. उद्या शेंगाचटणी मिक्सरवर करतील आणि तीच सोलापुरी म्हणून विकतील. उखळात कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, मिक्सरच्या चटणीचा भुगा होतो.

कडकभाकरी_गट

दादा, आजीनं किती माणसांच्या भाकऱ्या केल्या? दहा? आम्ही सात बायका मिळून दिवसाला सातशे थापतो. तुम्ही एक दिवस या, परात देते, शंभर थापा, मग हाताच्या ऊबेबद्दल बोलू.

मालदांडी

मी कष्टाला नावं ठेवली नाहीत. चवीबद्दल बोललो.

कडकभाकरी_गट

चव तुम्ही बोलता, खांदा आमचा दुखतो.

निवृत्त_जॉबर

चटणीचं मालदांडी बरोबर बोलले. बाकीचं ताईंचं बरोबर.

विडीकामगाराची_लेक

काकू, तुमच्या साच्याचं दुखणं मला कळलं असं वाटतं. पुरीच्या साच्याला बिजागरी एका बाजूला असते, त्या बाजूचा पत्रा आधी टेकतो. म्हणून तिकडं पातळ आणि दांड्याकडं जाड. वरचा पत्रा दोन खांबांवर सरळ खाली येईल असा केला तर जाडी सारखी येईल.

भेगा वेगळ्या कारणानं. दाबलं की गोळा चारी बाजूंनी पसरतो आणि कडेचा घेर ताणला जातो. गव्हात ग्लुटेन असतं, ते ताण धरून ठेवतं. ज्वारीत ते नसतं. उकळत्या पाण्यात पीठ भिजवलं की स्टार्च फुलतं आणि तेवढ्यापुरता चिकटपणा येतो. तुम्ही थापताना भाकरी फिरवत फिरवत कड बोटांनी आत सारता ना? भेग पडायच्या आधीच ती बुजवता. यंत्र ते करत नाही. म्हणून खालच्या पत्र्याला उभी गोल कड पाहिजे, म्हणजे पीठ तिथं अडेल आणि परत दाबलं जाईल. पोरांनी पाणी किती गरम घेतलं होतं?

कडकभाकरी_गट

नळाचं घेतलं होतं गं. मी सांगितलं उकळतं घ्या, तर म्हणाले, काकू, हात भाजेल.

यंत्रशाळा

एवढी स्पष्ट मांडणी मी वर्गात क्वचित ऐकतो. मालदांडी साहेब, भाकरीच्या चवीचा वेगळा धागा काढा, इथं मूळ प्रश्न बाजूला पडतोय.

तानाबाना

सर, मूळ प्रश्न मी परत विचारतो. त्या पोरांच्या अहवालात माझ्या कारखान्याचं नाव 'औद्योगिक भागीदार' म्हणून आहे. तो अहवाल तुमच्या कपाटात, तुमच्या मूल्यांकनाच्या फायलीत गुण मिळवतोय. मला काय मिळालं? तुम्ही पंधरा आठवडे म्हणता. पंधरा आठवड्यांत होत नसेल तर गरिबाला वचन देऊ नका. ट्रॉली परवडली, ती नुसती उभी आहे. उद्या कुणा अपंग माणसाला अशी खुर्ची दिलीत आणि चाक निखळलं, तर कुणाला फोन करायचा त्यानं?

यंत्रशाळा

कपाटाचं बोलणं लागलं, पण खोटं म्हणता येत नाही. सांभाळायचं कुणी, याचं उत्तर माझ्या पोस्टमध्ये नव्हतं. मी फक्त बनवण्याबद्दल लिहिलं. अपंगाच्या खुर्चीचं तुम्ही म्हणता ते मी यापुढे पोरांना आधी सांगेन. तरी कल्पना मागे घेत नाही.

निवृत्त_जॉबर

मग एक करा. यंदाच्या पोरांना नवीन यंत्र देऊच नका. मागच्या पोरांनी केलेलं, बंद पडलेलं यंत्र दुरुस्तीला द्या. मी जॉबर झालो तो नवीन माग बनवून नाही, दुसऱ्यानं बिघडवलेला माग चालू करून. कुणी कुठं चुकलं ते बिघडलेल्या यंत्रात दिसतं.

चाकणचा_सोलापूरकर

हे लाख मोलाचं. कंपनीत पहिली दोन वर्षं मी हेच केलं, दुसऱ्याचे फिक्स्चर, म्हणजे काम घट्ट धरून ठेवणारे साचे, सुधारले.

यंत्रशाळा

विचार मलाही पटतो. अडचण सांगतो. गुणांच्या तक्त्यात 'नावीन्य' असा रकाना आहे, 'दुरुस्ती' असा नाही. जुन्याच यंत्रावर काम केलेलं बाहेरचे परीक्षक मान्य करतील याची खात्री मी आज देऊ शकत नाही. विभागात मांडतो. एक गट तरी मिळवायचा प्रयत्न करतो.

तानाबाना

एकच गट पाठवा. पण माझ्या अटी ऐका. माग थांबवायचा नाही. मापं घ्यायची ती चालू मागावर, गडी वाटेत उभा असताना. चाकांना तंतू अडकणार नाहीत असं झाकण पाहिजे. लोखंडाचे पैसे यावेळी मी देणार नाही, आहे तीच ट्रॉली कापा, जोडा, काय करायचं ते करा. आणि चौघांपैकी एकाचा तरी घरचा पत्ता सोलापूरचा पाहिजे. पोरांवर माझा भरवसा बसलेला नाही, हेही लिहून ठेवतो.

विडीकामगाराची_लेक

काका, माझा पत्ता सोलापूरचाच आहे. पण या वर्षी माझा प्रोजेक्ट झालाय, गुणांसाठी येता येणार नाही. तशीच आले तर चालेल?

तानाबाना

ये बाळ. आईलाही विचारून ये.

कडकभाकरी_गट

आणि माझ्या साच्याचं काय? खांबवाला पत्रा कोण करून देणार? त्या पोरीला एकटीलाच सगळीकडं पळवू नका.

निवृत्त_जॉबर

ताई, साचा आधी माझ्याकडे पाठवा. बिजागरी काढायला मला कॉलेज लागत नाही. खांब मात्र सरळ खरादून पाहिजेत, ते सरांनी त्यांच्या वर्कशॉपमधून करून द्यावेत.