मध्ययुगीन फ्रेंच हस्तिदंती पेटी: मधल्या चारशे वर्षांचं काय करायचं?

रावपुरा_वाचक:
बडोद्यातल्या आमच्या वाचनमंडळासाठी चौदाव्या शतकातल्या पॅरिसच्या हस्तिदंती पेट्यांवर टिपण लिहितेय. बहुतेकींचे मालक अठराव्या-एकोणिसाव्या शतकानंतरच कळतात. आधीची जागा कशी भरायची? आणि नक्षीच्या मधोमध सपाट, कोरे पट्टे का दिसतात?

जुनी_कुलपं:
पट्टे मुद्दाम सोडलेले असतात. झाकणावर धातूच्या पट्ट्या, पुढे कुलपाचा पत्रा बसायचा. तेवढी जागा कोरायचीच नाही. पेटी साधारण २५ सेंमी लांब. पट्ट्या निघाल्या की फळ्या सुट्या होतात आणि एकेक करून विकल्या जातात. म्हणून मालकी अख्ख्या पेटीची लिहू नका. झाकण, पुढची, मागची, दोन बाजूच्या अशा पाच ओळी मांडा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या पेटीच्या नोंदीत संग्राहक जे. पिअरपाँट मॉर्गन यांची १९१७ची देणगी आणि १९८८ची भर, अशी दोन वर्षं आहेत, ती याचसाठी.
फळ्या मूळच्या एकत्र होत्या का, हे पट्ट्यांच्या खिळ्यांच्या भोकांवरून तपासा. शेजारच्या फळ्यांची भोकं एका रेषेत यायला हवीत. भोक एखाद्या चेहऱ्यातून गेलं असेल तर ती पट्टी नंतरची. तपकिरी डाग लोखंडाचा, हिरवट तांब्या-पितळेचा.

दांडियाबाजार:
मालकीच्या नोंदीतली कोरी जागा भरू नका, कोरीच ठेवा. "राणीच्या लग्नातली पेटी" असलं काही कागदाशिवाय लिहू नये.
जुन्या लिलावाच्या यादीशी जुळवताना दृश्याच्या नावावर विसंबू नका, ती नावं चुकलेली असतात. आकृत्या मोजा. ट्रिस्टन-इसोल्दे या मध्ययुगीन प्रेमकथेतल्या जोडीच्या भेटीत झाडात लपलेला इसोल्देचा नवरा राजा मार्क आणि खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब, एवढं दिसलं की खूण पटली. त्याहून पक्की खूण तड्याची. हस्तिदंताचा तडा भरून येत नाही. जुन्या चित्रातला तडा आजच्या फोटोत त्याच जागी हवा.

रावपुरा_वाचक:
मालकांच्या साखळीत स्पिट्झर हे नाव आलं तर?

जुनी_कुलपं:
मग प्रत्येक फळी जास्तच बारकाईने बघा. पॅरिसचा संग्राहक आणि विक्रेता फ्रेडरिक स्पिट्झर याचा संग्रह १८९३मध्ये लिलावात गेला. त्याच्याकडच्या बऱ्याच वस्तूंना नवे भाग जोडलेले निघालेत. एकच फळी इतरांपेक्षा पांढरी, कडा अजून धारदार, आणि भोकांभोवती गंजाचा मागमूस नाही, असं असेल तर ती बदललेली असण्याची शंका टिपणात स्पष्ट लिहा. १९३३ ते १९४५मधला मालक सापडत नसेल तर ते वर्षांसकट नोंदवा. नाझी लुटीमुळे तो काळ वेगळा तपासावाच लागतो.