१९६४ नंतर सगळं समान झालं?

एकांनी लिहिलंय की अमेरिकेत १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टने, म्हणजे नागरी हक्क कायद्याने, सगळे समान झाले, आता काळ्या लोकांनी जुनं उगाळत बसू नये. मला हे अजिबात पटलं नाही. डेट्रॉइटमध्ये एट माइल रोडजवळ एक भिंत आहे, साधी काँक्रीटची, साधारण सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब, १९४१ मध्ये एका बिल्डरने बांधली, का तर शेजारी काळ्यांची वस्ती म्हणून फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही घरकर्जांना हमी देणारी सरकारी संस्था त्याच्या गोऱ्यांसाठीच्या घरांच्या कर्जाला हमी देईना, भिंत घातल्यावर दिली! ती आजही उभी आहे, एका भागावर चित्रं रंगवलीत, समोर पोरांचं मैदान आहे.

आणि हे एकट्या बिल्डरचं डोकं नव्हतं हो, धोरणच होतं. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढले त्यात काळ्यांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जाला धोक्याच्या. घरांच्या बाबतीतला भेदभाव बेकायदा ठरायला १९६८ उजाडलं, तोवर गोऱ्या मध्यमवर्गाची अख्खी पिढी स्वस्त कर्जावर घरमालक झाली, घराची किंमत वाढत गेली, त्यावर मुलांची शिक्षणं झाली. शिवाय इथल्या शाळांचा बराच पैसा प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणजे वस्ती गरीब तर शाळाही गरीब.

आपण मराठी माणसं इथे इतक्या संख्येने आलो ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यामुळे, आणि तो काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीच्याच रेट्यात पास झालाय, निदान आपण तरी असं बोलू नये.