मदत हवी आहे: कुमानो होंगू ताइशा आणि १५८ पायऱ्या

नोव्हेंबरमध्ये आईला (वय ७१) घेऊन जपानमधील वाकायामा प्रांतातल्या कुमानो होंगू ताइशा या शिंतो देवस्थानाला जायचे आहे. ओसाकाहून रेल्वेने कीई-तानाबे आणि तेथून सुमारे दोन तासांची बस, एवढे ठरले असून मुक्काम जवळच्या युनोमिने या गरम झऱ्यांच्या गावी आहे. अडचण आहे ती देवळाच्या १५८ दगडी पायऱ्यांची, कारण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आई सपाटीवर अर्धा तास चालते, पण पंचवीस-तीस पायऱ्यांनंतर तिला कठडा धरून थांबावे लागते. १८८९ च्या पुरापूर्वी देऊळ जिथे होते ती ओयुनोहाराची जागा सपाट आहे, त्यामुळे तिथली ३३.९ मीटर उंच तोरी (शिंतो देवस्थानाची प्रवेश-कमान) ती आरामात पाहील; मात्र तेवढ्यावर परतणे तिला मान्य नाही. (पंढरपूरला जाऊन कळसदर्शनावरच भागवायचे का, असे ती विचारते.) होश्शिनमोन-ओजी या वाटेवरच्या छोट्या देवस्थानाकडून येणारी पायवाट देवळाच्या मागच्या बाजूने येते हे ठाऊक आहे, पण ते सात किलोमीटर आम्हाला झेपणारे नाहीत. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून पाहिले, परंतु भाषेच्या अडचणीमुळे उत्तर नीट उमगले नाही. आम्ही दोघेच आहोत, गाडी चालवणार नाही आणि टॅक्सीचा खर्च करण्याची तयारी आहे. तर मागच्या बाजूने टॅक्सी देवळाजवळ नेता येते का, आणि येत असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते का?