आजी म्हणते आमचे भोग मोठे, तुमचा नुसता भरवसा उडालाय. पटतं का?

पाऊलवाट:
मी आटपाडीकडचा, जॉबला हिंजवडीत. मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा झोप लागत नाही, छातीत धडधडतं असं आईला सांगत होतो, ते आजीने ऐकलं. म्हणाली, "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडली, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या, पण झोप कधी गेली नाय. तुमचा देवावरचा भरवसा उडालाय." राग नाही आला पण तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. मला वाटतं तिचं संकट पोटाचं होतं आणि अख्ख्या गावाचं होतं, पाझर तलावाच्या कामावर शेजारीण पण तीच पाटी उचलायची. माझ्या ऑफिसात माणसं कमी करायचं चाललंय, घराचा हप्ता ४२ हजार, आणि शेजारच्या खुर्चीवरच्याला मी हे बोलूच शकत नाही कारण दोघांपैकी एक जाणार. नुसतं नाम घे म्हणून हे सुटेल का?

माळकरी:
नाही पटलं. बहात्तरला मी नऊ वर्षांचा होतो. कामावर सुकडी वाटायचे, आई स्वतःच्या वाटणीची पदराच्या गाठीत बांधून आणायची आणि आम्हा तिघा भावंडांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवायची. हाताला फोड आलेले असायचे, तरी दिवेलागणीला हरिपाठ चुकला नाही. तुम्हाला मोबाईलला दोन तास मिळतात, हरिपाठाला अर्धा तास मिळत नाही, मग मन ठिकाणावर कसं राहील? संकट कुठल्याही काळात येणारच, आधार आधीपासून धरून ठेवावा लागतो.

निशिगंधा_नगर:
काका, तुमच्या आईला नमस्कार. पण माझ्या आजीचं सांगते. तिची तीन मुलं लहानपणीच गेली, प्रत्येक वेळी सगळ्यांनी तिला प्रारब्ध म्हणून गप्प केलं. देवळात टाळ वाजायचे तेव्हा ती चुलीपुढे भाकऱ्या थापत असायची, तिच्या वाट्याला कुठला हरिपाठ? शेवटच्या वर्षी आमची कोणाचीच ओळख राहिली नव्हती तिला, पण रात्री उठून त्या तिघांची नावं घेऊन हाका मारायची, जेवायला या म्हणायची. साठ वर्षं ते आत धरून ठेवलं होतं बाईने. त्या पिढीला त्रास झाला नाही असं नाही हो, विचारलंच नाही कोणी.

इंद्रायणीकाठ:
यात तुकोबा आठवा ना. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, धंद्याचं दिवाळं निघालं, लोकांत मान राहिला नाही. हे सगळं त्यांनी स्वतः अभंगात उघड सांगितलंय, लाज वाटली तेही सांगितलं. एवढा मोठा संत दुःख बोलून दाखवतो आणि आपण हिंजवडीतल्या पोराला म्हणतो तुझी श्रद्धा कमी पडली. हे वारकरी वळणच नाही.

माळकरी:
बोलून दाखवलं, मान्य. पण तेवढ्यावर थांबले का? भंडारा डोंगरावर जाऊन बसले, नामाला चिकटून राहिले. हे अर्धं सोडून देऊ नका. निशिगंधाताई, तुमच्या आजीचं वाचून मात्र गलबलून आलं, माझी आई पण कुठे बसायची हरिपाठाला, ती आतूनच ओवाळायची, हे आज लक्षात येतंय.

निशिगंधा_नगर:
माझा नामाला विरोध नाहीच काका. डॉक्टरकडे जायची गरज असलेल्या पोराला नाम घे म्हणून घरी बसवतात त्याला आहे. पाऊलवाट, तुम्ही डॉक्टरांना दाखवा, ते काही देवाच्या आड येत नाही.

पाऊलवाट:
वेळ घेतलीय, शनिवारी जातोय. आणि तुमचं वाचून काल आजीला फोन केला, सरळ विचारलं, खरंच झोप यायची का गं? बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दमून पडायचो रं. त्याला झोप म्हणत्यात व्हय? धाकटा रात्रभर दूध मागायचा." हे तिने बाबांना पण कधी सांगितलेलं नाही. मग आम्ही दोघंही गप्पच होतो थोडा वेळ, आणि ठेवताना म्हणाली, उद्या पण कर फोन.

माळकरी:
करा. रोज करा. माझं मत अजून तेच आहे, पण यंदा पालखी पुण्यातून निघाली की एक दिवस सुट्टी काढा, सासवडपर्यंत आमच्या दिंडीत चला. दिवे घाटाच्या चढाला शेजारचा माणूस कोण, काय करतो कोणी विचारत नाही, पाण्याची बाटली पुढे येते. तिथे बोलू.