पाणी तुटपुंजं असताना चाऱ्याला मका का लावायचा?

कोरडवाहू: पाण्याची खात्री नसेल तर चाऱ्यासाठी मक्याचा हट्ट सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्वारीची मुळं खोल आणि दाट, पानांवर मेणाचा थर. ताण बसला की ती पानं गुंडाळून थांबते, पाणी मिळालं की पुन्हा वाढीला लागते. मक्याला थांबता येत नाही. तुरा पडण्याच्या दिवसांत पाण्याची पाळी चुकली की कणसाचे केस उशिरा येतात, तोवर पराग झडून गेलेला असतो आणि कणीस भुंडं राहतं.

मुरघासवाला: ताणाचं म्हणणं मान्य, निष्कर्ष नाही. बरेच जण हिरव्या चाऱ्याचे टन मोजतात, पण त्यावरून पाण्याचा हिशेब कसा लागेल? त्यात बहुतेक वजन पाण्याचंच. पचणारा शुष्क चारा किती मिळाला ते बघा. दोन्ही पिकं सी-४ गटातली, म्हणजे पाणी काटकसरीने वापरणारी. पाणी पुरेसं असेल तर मका मागे पडत नाही, वर दाण्यातलं स्टार्च मिळतं.

कोरडवाहू: "पुरेसं असेल तर" इथेच तर सगळं अडतं! ५० मिमीची एक पाळी म्हणजे हेक्टरी ५ लाख लिटर. मक्याला अशा दोनच पाळ्या जास्त लागल्या तरी १० लाख झाले. पचनाचं म्हणाल तर ज्वारीत कमी लिग्निनचे (लिग्निन म्हणजे न पचणारा काष्ठमय भाग) ब्राऊन मिडरिब, म्हणजे पानाची मधली शीर तपकिरी असलेले, वाण आहेत.

गोठ्यातून: "पुन्हा वाढीला लागते" हे वाचून राहवलं नाही. ताणानंतर फुटलेल्या त्याच कोवळ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्लाचा धोका सर्वांत जास्त असतो. जनावर काही मिनिटांत दगावू शकतं. कृपा करून फुलोऱ्याआधी कापू नका. मुरघासात, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यात, हे विष बरंच उतरतं. नायट्रेट हे दुसरं विष मात्र ताण बसलेल्या मक्यातही साठतं, आणि वाळवून जात नाही.

वाफसा: दोघंही पिकावरच भांडताय. मका लहान असताना उघड्या जमिनीतूनच पाणी उडून जातं. तेव्हा हात आखडता घ्या, पाणी तुऱ्यासाठी राखा. तुऱ्याच्या वेळी जेवढं क्षेत्र नक्की भिजेल तेवढाच मका लावा, उरलेल्या रानात ज्वारी.

कोरडवाहू: हे पटलं. पण विहिरीचा भरवसा नसेल तिथे मक्याचं क्षेत्र शून्यच धरा.

मुरघासवाला: शून्य मला मान्य नाही. आणि ज्वारी मुरवणार असाल तर दाणा चिकात असतानाच कापा. कडक झालेला दाणा शेणातून अख्खा बाहेर पडतो, तेवढं पाणी वायाच.