बहिणीला जर्मनीत ॲडमिशन मिळालं, पण तारण द्यायला फक्त वावर आहे

कपाशीवाला_यवतमाळ
धाकटी बहीण अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झाली. आता तिला जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात एम.एस्सी.ला ॲडमिशन मिळालं आहे. ग्योटिंगेन आणि कासेल अशा दोन विद्यापीठांचा मिळून शाश्वत शेतीचा कोर्स आहे, शिकवणं इंग्रजीत. ट्यूशन फी नाही. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवायचे, म्हणजे आपले जवळपास बारा लाख.

घरी साडेचार एकर कोरडवाहू, बाबांच्या नावावर. तालुक्याच्या बँकेत सातबारा, आठ-अ घेऊन गेलो. साहेबांनी कागद उघडलाही नाही, टेबलावरून माझ्याकडे सरकवला. पीककर्जाला हाच सातबारा चालतो, शिक्षणाला का नाही? एजंट म्हणतो एक एकर काढून टाका, नाहीतर पीएम-विद्यालक्ष्मी या सरकारी योजनेतून कर्ज करून देतो. गावात एक जण तीन टक्क्यांनी द्यायला तयार आहे, महिन्याला बरं का.

विषय निघाला की बाबा उठून गोठ्यात जातात. आई काल म्हणाली, हिचं लग्न असतं तर एव्हाना कुठूनही जमवले असते. यावर कोणी काही बोललं नाही.

पाठवावं, की इथंच एम.एस्सी. करून एमपीएससीच्या कृषी सेवेची तयारी करू द्यावी?

दारव्ह्याचे_काका
काऊन जीवाले घोर लावून घेता राजेहो. पोरगी हुशार हाये तं इथंबी पुढं जाईन. बारा लाखात बोअर होते, ठिबक होते, वरून पैसे उरते. अन् थो तीन टक्केवाला? वर्षाचे छत्तीस झाले ना बाप्पा! त्याच्या दारात पाय ठेवू नका, मंग जर्मनी असो का अमरावती.

निवृत्त_बँकवाला
त्या साहेबांनी दोन मिनिटं काढून सांगायला हवं होतं. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कलम ३१(आय). कर्ज थकलं तर घर किंवा प्लॉट बँक कोर्टात न जाता जप्त करून विकू शकते, वावर नाही. म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला सहसा कोणी वावर तारण घेत नाही. पीककर्जाचा हिशेबच वेगळा, तिथं पिकावर आणि सातबाऱ्यावरच्या बोज्यावर काम भागतं.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, चार लाखांच्या वर बँक जामीनदार मागू शकते. त्यापुढे एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर, एफडी, एलआयसी यातलं काहीतरी हवं. ते बाबांच्याच नावावर पाहिजे असं नाही, नातेवाइकाचंही चालतं. गावठाणातलं घर नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असेल तर बहुतेक शाखा मान हलवतात. स्वामित्व योजनेतलं प्रॉपर्टी कार्ड मिळालं असेल तर मात्र विचारून पहा. पीएम-विद्यालक्ष्मी देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे. तुमच्या एजंटला हे माहीत नसेल तर तो एजंट कसला?

पुसदची_पोर
मी तिकडे शिकले म्हणून लिहिते. ते ११,९०४ म्हणजे फी नव्हे, तिचेच पैसे. महिन्याला ९९२ युरो तिच्या हातात येतात, त्यात भाडं, विमा, खाणं. सत्राचे काहीशे युरो वेगळे. नशीब होहेनहाइम विद्यापीठात नाही मिळालं. ते बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, तिथं आपल्याला सत्राला १,५०० युरो फी आहे.

खरी अडचण दुसऱ्या वर्षाची. तिथं राहण्याचं परमिट वाढवताना खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात कामाच्या भरवशावर राहू देऊ नका. मी स्पार्गेल काढायला जायची. पांढरी शतावरी, मातीच्या वरंब्यात लपलेली असते. टोक दिसलं की बोटांनी माती उकरायची, लांब सुरी आत घालून कापायची, की पुढच्या टोकाला. २४ जूनला हंगाम संपतो. कापूस वेचायची सवय असूनही माझी कंबर धरली होती.

एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली इथली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचा जर्मन दाखला, झालं का? २०२२ च्या नोव्हेंबरपासून त्याशिवाय व्हिसाची फाइल हलत नाही. आणि जर्मन आजपासून सुरू करा. वर्ग इंग्रजीत असले तरी बियाण्याच्या कंपनीत मुलाखत जर्मनमध्ये होते. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, भाषा नसेल तर तेही पुरत नाहीत.

कपाशीवाला_यवतमाळ
सगळ्यांचे आभार. एपीएस झालंय, जर्मनचं तिला वाचून दाखवलं, तोंड वाकडं केलं. काका, बोअरचं तुमचं खरं आहे, पण आमच्या शिवारात पाणी लागेलच याची हमी तुम्ही घेता का?

एजंटला नाही म्हणून कळवलं. वावर विकायचं नाही, हे बाबांना सांगितल्यावर ते निदान बसून ऐकायला लागले. यवतमाळला मामाचं घर आहे, एनए. रविवारी मीच जातो विचारायला. मेव्हण्याच्या दारात हे मागणं बाबांना जमणार नाही. बँकवाले साहेब, मामाच्या घरावर गृहकर्ज चालू आहे, तरी जमेल का?

निवृत्त_बँकवाला
त्याच बँकेत शैक्षणिक कर्ज मागा. घराच्या किमतीतून बाकी वजा जाऊन पुरेसं उरत असेल तर विचार करतात. जाताना मामांकडून कर्जाचं स्टेटमेंट घ्या आणि मामींनाही समोर बसवा, घर दोघांच्या नावावर असेल तर सही त्यांचीही लागेल.